तुम्ही काठी धरता का?

लेटा क्रेची ही संघटनेत नोकरीला लागली तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं काम माणसांशी बोलायचं आहे. सहा महिन्यांत तिला कळून चुकलं की आपलं काम भिंतीशी बोलायचं आहे. फक्त या भिंती दोनशे बारा होत्या आणि दरवर्षी वर्गणी भरत होत्या.

संघटना आग्नेय नेब्रास्कातल्या बोअरवाल्यांची. कचेरी विल्बर गावात, टायरच्या दुकानाच्या वर. दोन टेबलं, एक कपाट, आणि पाइपा उघड्या असल्यामुळे हिवाळ्यात ठणठण वाजणारा हीटर. त्याआधी चौदा वर्षं लेटा शाळेच्या बसगाड्यांच्या कचेरीत होती. तिथे ती वायरलेसवर "सात नंबर, कुठे आहात?" म्हणाली की पाच सेकंदांत सात नंबरचा जबाब यायचा, कधी कधी तर आठ नंबरचाही. इथे तिने जून महिन्यात विचारलेल्या गोष्टीला ऑक्टोबरपर्यंत कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. 'पाणीपातळी' नावाचं वार्तापत्र ती दर महिन्याला ईमेलने पाठवायची, नवे नियम, पंपांची माहिती, अध्यक्षांचे दोन शब्द. किती जणांनी ते उघडलं हे कॉम्प्युटर तिला सांगायचा. अकरा. त्यातली एक ती स्वतः, आणि एक तिची सासू, जिचं नाव तिने निव्वळ आकडा वाढावा म्हणून घातलं होतं. फोन करावा तर पलीकडे बोअरची गाडी सुरू, "काय? कोण? नको आहे!" एवढं ऐकू येऊन फोन बंद. मग तिने वीस प्रश्नांची एक पाहणी काढली. चार उत्तरं आली. त्यातल्या एकाने आपलं नाव यादीतून काढायला सांगितलं होतं, आणि एकाने विसाच्या वीस प्रश्नांना "हो" लिहिलं होतं. त्यात "आपल्याकडे किती कामगार आहेत?" हाही एक प्रश्न होता.

वार्षिक अधिवेशनाचीही तीच रड. मागच्या फेब्रुवारीत हॉटेलात एकशेवीस जणांचा नाश्ता सांगितला होता आणि माणसं आली एकोणीस. उरलेले दालचिनीचे रोल अध्यक्षांच्या घरच्या फ्रीझरमध्ये गेले आणि त्यांच्या कुटुंबाने ते ईस्टरपर्यंत खाल्ले.

हे अध्यक्ष म्हणजे व्हर्लिन हॉमक्विस्ट. पंचावन्नचा, उंच, सडसडीत, भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेला संघटनेतला एकमेव माणूस. त्या भागात जमिनीखाली चिकणमातीचे जाड थर, आणि पाणी असतं ते मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यांत. पट्टा सापडला तर नशीब, दहा पावलं चुकलात तर तीनशे फूट खाली जाऊनही ठणठणाट. व्हर्लिनने त्या पट्ट्यांचे नकाशे करण्यात उभी हयात घातली होती. माणूस सज्जन. सप्टेंबरमध्ये त्याने लेटाला बसवून, तिच्याकडे न बघता हीटरकडे बघत सांगितलं की कार्यकारिणीचं म्हणणं पडतंय, फेब्रुवारीच्या अधिवेशनापर्यंत सभासद जागे झाले नाहीत तर तिची जागा ठेवण्यात अर्थ नाही. "माझं मत नाही हं," तो म्हणाला. लेटाने ओळखलं की आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती ट्रूडी वेसल्सचा फोटो काढायला गेली. वार्तापत्रात फोटो घातले तर निदान फोटोतली माणसं तरी ते उघडतील, असा तिचा हिशोब. ट्रूडी साठीला आलेली, बापाचा धंदा पुढे चालवणारी, बोलायला फटकळ. ती गाडीला टेकून, पोलिसांनी पकडल्यासारखा चेहरा करून उभी राहिली. फोटो झाला. लेटा मैलभर गेली आणि तिच्या लक्षात आलं की कॅमेऱ्याचं झाकण तिथेच राहिलं. परतून येते तो काय, ट्रूडी शेतात दोन्ही मुठींत वाकवलेल्या वेल्डिंगच्या सळया धरून, लग्नात नवरीपुढे चालणाऱ्या करवलीसारखी पाऊल मोजत चालली आहे, आणि मागून शेताचा मालक टोपी हातात घेऊन येतो आहे. सळया एकमेकींवर वळल्या. ट्रूडीने वर पाहिलं.

"कधीची उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"मग तू काही पाहिलं नाहीस."

"काही नाही," लेटा म्हणाली.

पण ट्रूडीच्याच पोटात राहीना. तिने मालकाला दूर जाऊ दिलं आणि सांगितलं की आपला असं पाणी शोधण्यावर काडीचा विश्वास नाही, मालकाला बरं वाटतं म्हणून करायचं. लेटाने विचारलं, आणखी कोण कोण करतं. ट्रूडी हसली. "व्हर्लिनला सोडून कोण नाही ते विचार."

"मग कुणी बोलत कसं नाही?"

"एक जण बोलला होता, नऊ वर्षांपूर्वी. तो आता सभासद नाही."

मग तिने तो सगळा किस्सा सांगितला. नऊ वर्षांपूर्वी अधिवेशनात व्हर्लिनने भाषण ठोकलं, पडद्यावर चित्रं दाखवून. काठी धरून पाणी बघणारे पाणाडे आपल्या धंद्याला कसे हास्यास्पद करतात वगैरे. भाषणाच्या भरात त्याने विचारलं, या सभागृहात काठी धरणारा कुणी आहे का, असेल तर हात वर करा. सगळ्यांनी आपापल्या कॉफीत बघितलं. हात वर झाला तो एकट्या एमिल सेडलाचेकचा. "एमिल, मग पुढच्या महिन्याचं हवामानही तुम्हीच सांगून टाका," व्हर्लिन म्हणाला, आणि सभागृह हसलं. ट्रूडीही हसली होती. एमिलने टोपी घातली, खुर्ची नीट आत सरकवली आणि तो निघून गेला. वर्गणी त्याने पुन्हा भरली नाही.

"आणि एमिल कोण, ठाऊक आहे ना?" ट्रूडीने विचारलं.

हे मात्र लेटाला ठाऊक होतं. एमिल म्हणजे व्हर्लिनचा सासरा. दर रविवारी चर्च सुटल्यावर दोघं एकाच टेबलाशी बसून बदक, डंपलिंग आणि आंबवलेला कोबी खायचे. नातवंडं, फुटबॉल, मक्याचं पीक, एमिलचा गुडघा, सगळ्यावर बोलणं व्हायचं. पाण्याचा शब्द नऊ वर्षांत निघाला नव्हता. पाणी प्यायला हवं असलं तरी एमिल म्हणे नुसता भांड्याकडे बोट दाखवायचा.

परतीच्या वाटेवर लेटाला हसू येत होतं आणि थोडी हुशारीही वाटत होती. सोमवारी तिने छापखान्यात जाऊन कार्डं छापून घेतली. जोडकार्ड, उत्तराच्या अर्ध्या भागावर संघटनेचा पत्ता आणि तिकीट आधीच चिकटवलेलं. त्यावर एकच ओळ: "पाणी बघायला तुम्ही काठी धरता का? (सळया, तारा धरल्या तरी चालेल.) नाव लिहू नये."

व्हर्लिनची सही तिने रीतसर घेतली. कार्ड तिने इतर कागदांसोबत त्याच्यापुढे ठेवलं. लपवलं नाही, फक्त त्याच्याकडे फिरवूनही ठेवलं नाही. "एकच प्रश्न? बरं केलंस, वीस फारच होते," असं म्हणत त्याने फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

पोस्टाचे पत्ते ईमेलच्या यादीत नव्हते. ते कपाटातल्या जुन्या वहीत होते, आणि त्या वहीत सोडून गेलेले, निवृत्त झालेले आणि वारलेलेही होते. लेटाने कुणालाच वगळलं नाही. दोनशे चाळीस कार्डं गेली.

तिसऱ्या दिवशी नऊ आली. शुक्रवारी पोस्टातल्या बाईने रबराने बांधलेला गठ्ठाच हातात दिला. कार्ड उघडं असतं, आणि विल्बरच्या पोस्टात दुपारी फारसं काम नसतं. "सतरा हो, दोन नाही, आणि एकाने शिवी दिली आहे," बाईने सांगितलं. "शिवी कुणी दिली तेही मला कळलंय, पण मी सांगणार नाही." पुढच्या आठवड्यात तिने पेटीच आणून ठेवली.

एकूण एकशे त्र्याण्णव उत्तरं आली. लेटा ती संध्याकाळी घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवायची आणि त्याचं जेवण थंड व्हायचं. बहुतेकांनी ट्रूडीचंच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं: हो, पण फक्त मालकाच्या समाधानासाठी. एकाने लिहिलं होतं, "नाही. बायको धरते." एकाने, "काठी नाही. सळया. काठी धरणारे खुळे असतात." तिघांनी, "व्हर्लिनला सांगणार नसाल तर हो." वारलेल्या एका सभासदाच्या बायकोने उत्तर दिलं होतं की ते धरायचे, काठी अजून गॅरेजमध्ये टांगलेली आहे, आणि कुणी मागायला आलं तर ती मिळणार नाही. नाव लिहू नये असं छापूनही निम्म्या लोकांनी खाली ठसठशीत सही केली होती.

व्हर्लिनला हे कळलं ते कॅफेत. तो सूप पीत असताना शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, काय अध्यक्ष, मोजणी कुठवर आली. मोजणी कसली, हे समजायला त्याला दोन मिनिटं लागली. सूप अर्धं टाकून तो कचेरीचा जिना चढून आला तेव्हा लेटा टेबलावर कार्डांच्या चळती लावत होती.

"संघटनेच्या कागदावर काठी," तो म्हणाला. त्याचा आवाज चढत नसे, पातळ होत असे. "वीस वर्षं मी या लोकांना नकाशे वाचायला शिकवतोय, लेटा."

"तुम्ही सही केलीत."

"मी वाचलं नव्हतं."

"कुणीच वाचत नाही. म्हणून तर एकच ओळ लिहिली."

तो खुर्चीत बसला. त्याने सांगितलं की हे सगळं फेकून दे. लेटाने कचऱ्याची टोपली पायाने त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाली, फेका, पण तुम्ही फेका, आणि फेकण्याआधी एकेक वाचा. सहा महिन्यांत या लोकांनी आपल्याला मनापासून लिहिलेली ही पहिलीच अक्षरं आहेत. व्हर्लिनला नियमाने वागायची खोड होती. फेकायचं तर वाचूनच फेकायचं, हे त्याला पटलं. तो वाचू लागला. "सळया. काठी धरणारे खुळे" यावर त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "व्हर्लिनला सांगणार नसाल तर" हे त्याने बाजूला ठेवलं आणि पुन्हा उचलून पाहिलं. अशी तीन कार्डं होती.

मग पिनेने एकत्र टाचलेली दोन कार्डं आली. निळी शाई, डावीकडे झुकलेलं बारीक अक्षर, कोपऱ्यापर्यंत भरलेलं. खाली नाव नव्हतं.

"बावन्न वर्षं काठी धरली," त्यात लिहिलं होतं. "ती एकदाही आपणहून वळली नाही. वळवतो मीच. पण काठी घेऊन चालायला लागलं की मालक मागून चालतो, आणि चालता चालता बोलतो. आजोबांची पवनचक्की कुठे होती, ऑगस्टात गवत कुठे हिरवं राहतं, कुठल्या कोपऱ्यात गाय रुतली होती, शेजाऱ्याची विहीर कुठल्या साली आटली. त्याच माणसापुढे नकाशा उघडला की तो गप्प होतो. त्याला वाटतं, आता सगळं यालाच ठाऊक, आपण काय बोलायचं. माझं ऐकून पुरेसं झालं की मी काठी खाली वळवतो. जागा संपली म्हणून हे दुसरं कार्ड शेजाऱ्याचं घेतलं. त्याला उत्तर द्यायचं नव्हतं."

व्हर्लिनने ते दोनदा वाचलं. ते अक्षर त्याच्या मुलींच्या वाढदिवसाच्या कार्डांवर दरवर्षी घरी येत होतं. लेटाने ते जाणूनबुजून वर ठेवलं नव्हतं, पण खालीही दडवलं नव्हतं. हीटर ठणठण करत होता.

"हे कुणाचं ते मी विचारत नाही," तो शेवटी म्हणाला.

"मी सांगणारही नाही. तसं छापलंय."

"हे पहिल्या पानावर घे. नाव न घालता." दारापर्यंत जाऊन तो थांबला. "आणि माझे दोन शब्द या महिन्यात नको. जागा पुरणार नाही."

लेटाने पहिल्या पानावर ते पत्र घेतलं, आणि आत आकडे. एकशे त्र्याण्णवांपैकी एकशे चौपन्न हो. या खेपेला वार्तापत्र उघडणारे एकशे सत्तर निघाले, सासू धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन. लेटाला वाटलं होतं, आपली गुपितं चव्हाट्यावर आली म्हणून लोक चिडतील. चिडले होते खरे, पण त्या निनावी माणसावर. काठी वळत नाही म्हणणारा हा कोण? त्याच्या हाताला नसेल, म्हणून काय कुणाच्याच हाताला नाही? आठच दिवसांपूर्वी "फक्त मालकाच्या समाधानासाठी" असं लिहिणारे लोक आता फोनवर तिला पीच आणि विलो या झाडांच्या बेचक्यांमधला फरक समजावून सांगत होते. ती कानाला फोन लावून लिहून घेत होती. ज्या माणसाने वीस प्रश्नांना वीसदा "हो" लिहिलं होतं, तो तब्बल चाळीस मिनिटं बोलला, आणि जाता जाता त्याने आपल्याकडे सहा कामगार आहेत हेही सांगितलं.

त्या रविवारी व्हर्लिनच्या घरी काय झालं, ते लेटाला त्याच्या बायकोने, व्हेराने, किराणा दुकानातल्या रांगेत सांगितलं. बदक झालं, डंपलिंग झालं, आणि मग व्हर्लिन ताटाकडे बघत म्हणाला, "एमिल, श्टास्नींच्या जुन्या शेतात पवनचक्की कुठे होती, तुम्हाला आठवतं का? तिथे माझी दोन भोकं कोरडी गेली आहेत." एमिलने काटा खाली ठेवला. तोंड पुसलं. मग म्हणाला, पवनचक्की ओढ्याच्या अलीकडे होती, पण तिचं सोड, तिथली म्हातारी कपडे धुवायची ती जागा विचार. आणि तो कॉफी होईपर्यंत, कॉफी झाल्यावर, आणि नातवंडं कंटाळून टीव्हीपुढे गेल्यावरही बोलत राहिला. व्हर्लिनने खिशातून पेन्सिल काढून कागदी रुमालावर नकाशा काढला. एमिलने तो दोनदा खोडायला लावला.

"पाणी लागलं का मग?" लेटाने विचारलं.

"एकशे साठ फुटांवर," व्हेरा म्हणाली. "पण आता आमच्याकडे रविवारी दुसऱ्या कशावर बोलणंच होत नाही. मला तर ती नऊ वर्षं बरी होती असं वाटायला लागलंय."

फेब्रुवारीत अधिवेशन आलं. मागच्या वर्षीचे रोल आठवून व्हर्लिनने यंदा शहाणपणाने चाळीस जणांचंच सांगितलं होतं. आले एकशे शहाऐंशी. पार्किंग भरलं, मग रस्ता भरला, मग शेजारच्या चर्चचं पार्किंग भरलं. हॉटेलचा व्यवस्थापक लेटाला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात विचारू लागला की हे सगळे खरंच तुमचेच आहेत का. राजमा-खिम्याची चिली पातळ करत करत शेवटी टोमॅटोच्या सूपवर आली. चर्चमधल्या बायकांनी दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी केलेल्या जर्दाळू भरलेल्या कोलाची पावांचे चार ट्रे दिले, आणि नवरीच्या आईला कुणी सांगायचं यावरून त्यांच्यात वाद झाला.

एमिल पाहुणा म्हणून आला होता, व्हर्लिनच्या गाडीतून. शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला. पहिल्या पानावरच्या पत्राचा विषय निघाला आणि लोक त्या निनावी माणसाला नावं ठेवू लागले तेव्हा तो गुडघ्यावर हात देऊन उठला.

"ते मी लिहिलं," तो म्हणाला.

सगळ्या माना मागे वळल्या. नऊ वर्षांपूर्वी हसलेले बरेच जण तिथे होते. बोलली ती ट्रूडी.

"एमिल, तुमच्या हातात नसेल. माझ्या सळया फिरतात. आपोआप फिरतात."

"फिरतात गं पोरी. हात थकला की फिरतातच."

"माझा हात थकत नाही."

"मग तुझा मालक फार बोलका असेल," एमिल म्हणाला, आणि त्यावर जो हशा झाला तो वेगळा होता. त्यात एमिलही होता.

मग जे सुरू झालं ते अडीच तास चाललं. अध्यक्षांनी हातोडा आपटून दोन्ही बाजूंना दहा दहा मिनिटं दिली होती, ती कुणी मोजली नाहीत. काठीवाले सळईवाल्यांवर उठले, दोघं मिळून एमिलवर उठले, आणि मध्येच कुणीतरी, निव्वळ मुद्दा सिद्ध करायला, व्हर्लिनचा पट्ट्यांचा नकाशा भिंतीवर लावून त्यातल्या सतरा चुका दाखवल्या. व्हर्लिन वही काढून त्या लिहून घेत होता. पाचव्या चुकीला तो म्हणाला, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही, आणि तो माणूस म्हणाला, तुम्ही कधी विचारलंत? दुपारी पंपांवर व्याख्यान देणार असलेला विक्रेता दाराशी पेटी घेऊन उभा राहून राहून निघून गेला. त्याची आठवण कुणाला झाली नाही.

संध्याकाळी एमिलने वर्गणीचा अर्ज मागितला. लेटाने त्याला ज्येष्ठ सभासदांचा दिला. त्याने तो चष्मा लावून वाचला, परत केला आणि साधा मागितला.

लेटाच्या नोकरीचा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत निघालाच नाही. वेळच नव्हता, सगळा वेळ पुढच्या कार्डावर काय विचारायचं यात गेला. अकरा जणांनी अकरा प्रश्न सुचवले. लेटाने ऐकून घेतले आणि स्वतःचाच छापला: "भोक कोरडं गेलं तेव्हा मालकाला काय सांगितलंत?"

या वेळी पोस्टातली बाई आठवडाभर नुसती मान हलवत होती. दुसऱ्या आठवड्यात तीन कार्डं आली. तिसऱ्या आठवड्यात येऊ लागली, ती लिफाफ्यांतून, कार्डाला आणखी कागद जोडून. एकाने लिहिलं होतं, काही सांगितलं नाही, दिवसभर तिथेच गाडी दुरुस्त करत असल्याचं नाटक केलं. ट्रूडीने लिहिलं होतं, मालकाला वाईट वाटू नये म्हणून मीच रडले, मग त्याने मला कॉफी दिली.

व्हर्लिनचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं. कचेरीत रोज येणारा माणूस, पण त्याने ते पोस्टानेच पाठवलं होतं. दोन्ही बाजू भरलेल्या, आणि खाली पूर्ण नाव. लेटाने खिडकीशी उभं राहून ते वाचलं. पहिलीच ओळ होती, "नकाशा बरोबर आहे, तुमची जमीनच चुकली, असं सांगितलं." खाली टायरच्या दुकानात हवा भरल्याचा आवाज येत होता. वाचून झाल्यावर तिने दोन ठिकाणचं शुद्धलेखन पेन्सिलीने सुधारलं आणि ते वार्तापत्रात घ्यायच्या गठ्ठ्यात, मधोमध, इतरांच्या बरोबर ठेवून दिलं.